गाडी कोणाची?

नागभीडला गाडी बदलली तेव्हाच माझी वळकटी एका बाईच्या कोंबड्यांच्या खुराड्याखाली गेली आणि चांदा जिल्ह्यातलं मूल गाव येईपर्यंत तिथंच राहिली. अरुंद रुळांवरची ही आगगाडी सायकलवाल्यालाही पुढे जाऊ देते. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या (भाताची खाचरं), मध्ये मध्ये तलाव आणि मागे सागाचं रान. डोळे भरून पाहावा असा मुलूख आहे. पुढे मी जे कडू लिहिणार आहे ते या मुलखाबद्दल नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला बोलावलं होतं वामनने. हा माझा वर्गमित्र, मूलला वकिली करतो. तिथं फटफट्यांची शर्यत होती आणि पंच म्हणून बाहेरचा माणूस हवा होता. सांगलीत माझी एक फटफटी आहे. तिने मला जितकं नेलं त्याहून जास्त मी तिला ढकललं आहे. पण वामनने मला तिथं मोठा जाणकार ठरवून टाकलं होतं.

शर्यत साधी नव्हती. जिंकणाऱ्याला मद्रासच्या मोठ्या शर्यतीला धाडायचं ठरलं होतं, आणि तिथं नजरेत भरलेल्या स्वाराला गाड्यांचे व्यापारी पगारावर ठेवून घेतात, अशी खबर होती. फटफटी पळवून पोट भरता येतं ही गोष्टच मूलला नवी. सगळा खर्च लाकडाचे ठेकेदार भय्यासाहेब करणार होते. निवडणूक जवळ आली होती, हे वामनने हळूच सांगितलं.

भय्यासाहेबांच्या टालावर (लाकडाच्या वखारीत) यासीन भेटला. तिशीचा, किडकिडीत माणूस. जंगलात जिथं जिथं तोड चालते तिथं चिठ्ठ्या पोचवायचं त्याचं काम. फटफटी अर्थात ठेकेदारांची, लढाईनंतर लिलावात घेतलेली.

"जिंकलास तर मद्रासला जाशील ना?" मी विचारलं.

"काऊन नाई जाणार, भाऊ? इतके वर्सं या मुरमातच चालवून राह्यलो. वाघ पाह्यला, अस्वल पाह्यलं. आता डांबराचा रस्ता पाहाचा हाय."

शर्यत मूलपासून वैनगंगेपर्यंत आणि परत. मला नदीकाठी निशाण घेऊन उभं राहायचं होतं. जाताना वाटेत सावली गावी एका घरी जेवलो. नव्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि पोपटाची भाजी. पोपट म्हणजे वालाच्या शेंगा हे कळेपर्यंत मी ताटावरून उठायच्या बेतात होतो. वाढणाऱ्या बाईंनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं आणि मग मला दुप्पट वाढलं.

नदीजवळ रस्त्यावर वाळू पसरली होती. पहिली धूळ दिसली ती यासीनची. वाळूत त्याने वेग कमी केलाच नाही. गाडीची शेपटी इकडून तिकडे जात होती, तो मात्र हात सैल सोडून बसला होता. मला वळसा घालून तो गेलासुद्धा, आणि माझं निशाण खालीच राहिलं. इतकं सुंदर काही मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. बाकीचे पाच-सहा जण वाळू दिसताच कचरले आणि पाय टेकत, ढकलत वळले. सर्वांत शेवटी भय्यासाहेबांचा पुतण्या विनायक नव्याकोऱ्या विलायती गाडीवर आला आणि रुतला. नावाड्यांनी ओढून काढल्यावर तो माझ्यावरच डाफरला, की वाळू झाडून का ठेवली नाही.

मूलला परतलो तेव्हा यासीन केव्हाच पहिला पोचला होता आणि मांडव भरला होता. या भागात शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) फार मानाचा. त्यात नाव पुकारतात ते जोडीच्या मालकाचं. हाकणारा घरी जातो. फटफट्यांची कमिटीही पटाचीच जुनी मंडळी. त्यांनी पुकारलं, "विजेते, श्रीमान भय्यासाहेब!" त्यांच्या गळ्यात हार पडला. फटफटीला कुंकू लावून नारळ फोडला. मग भय्यासाहेबांनी जाहीर केलं की आपल्या घराण्यातर्फे विनायक मद्रासला जाईल.

मी उठून उभा राहिलो. "शर्यत यासीनने जिंकली आहे."

कमिटीचे म्हातारे पाटील समजुतीने म्हणाले, "पटात हाकणाऱ्याचं नाव कोणी घेते काय, भाऊ?"

"बैल आपल्या पायांनी पळतात. ही गाडी पळवावी लागते."

त्यांनी खरोखर विचार केला. मग विचारलं, "पण गाडी कोणाची हाय?"

"मग मालकाचा माणूस म्हणून तरी यासीनला धाडा."

भय्यासाहेब हसले. "नोकराले पुढं केलं तर उद्या टालावर कोण राहीन, पंचसाहेब?"

मांडवही हसला. पाटलांचं मी समजू शकतो, त्यांना पटच ठाऊक. पण भय्यासाहेबांना सगळं कळत होतं, आणि म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी आणखी बोलणार तोच वामनने बाही ओढून मला खाली बसवलं. ठेकेदारांचे खटले तोच चालवतो. यासीन तिकडे टाकीवरचं नारळाचं पाणी पुसत होता.

"पटात हाकणाऱ्याच्या आंगावर गुलाल तरी उडते," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर पुन्हा तोच दिसला. विलायती गाडी चांद्याकडे जाणाऱ्या डब्यात चढवायची होती आणि रेल्वेत भरली टाकी चालत नाही म्हणून तो तिच्यातलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात उतरवून घेत होता. विनायकबरोबर त्यालाही धाडत होते, गाडी पुसायला.

"तू जाऊ नकोस," मी म्हणालो. "थोडी तरी चाड ठेव." राग ठेकेदारांवरचा होता, निघाला त्याच्यावर.

त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं. "चाड हाय भाऊ, म्हनूनच जाऊन राह्यलो. शर्यतीच्या आधी गाडी गरम करा लागते. ते विनायकबाबूले जमत नाई. एक चक्कर तरी माह्या हातची होईन. पाहणारे पाहतीन."

त्याची गाडी आधी सुटली.

सांगलीला आल्यावर ओट्यावर मंडळी जमली. मी सगळं सांगितलं, वाळू, हार, नारळ, पेट्रोलचा डबा. बोलताना माझा आवाज चढत गेला. कोणी मध्ये बोललं नाही. मला वाटलं, माझ्याइतकेच तेही संतापले आहेत. शेवटी आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक, सुपारी कातरता कातरता म्हणाले, "ते सगळं खरं हो. पण गाडी कोणाची होती?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढंच ऐकायचं होतं, तर मला मूलपर्यंत जायची गरज नव्हती.