वल्ही काढा म्हणाले

त्या मिरवणुकीचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. मी भोकरदनच्या एका शाळेत इतिहास शिकवते. त्या साली शिवजयंतीला शाळेनं देखावा करायचं ठरवलं. मी म्हटलं, आरमारातलं गलबत करू.

आमच्या वर्गातल्या एकाही मुलीनं समुद्र पाहिलेला नव्हता. जहाजाला शिडं असतात एवढंच त्यांना ठाऊक. वारा पडला की वल्हेकरीच गलबत चालवत, गुराब म्हणजे तोफांचं अवजड जहाज, तेसुद्धा तेच ओढून नेत, असं मी सांगितलं, तेव्हा नववीतली एक म्हणाली, "मॅडम, मंग त्यांची नावं पुस्तकात का न्हाईत?"

वल्हेकरी व्हायचं, हे मुलींनीच ठरवलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांबू-पुठ्ठ्याचं गलबत उभं राहिलं, जुन्या फळ्यांची वल्ही झाली. शाळा सुटल्यावर पोरी घाम गाळून सराव करायच्या.

मिरवणुकीच्या सकाळी उत्सव समितीचे अध्यक्ष बॅनर घेऊन आले. त्यावर त्यांच्या पुढाऱ्याचा फोटो, गलबताच्या लांबीएवढा.

"मॅडम, वल्ही काढा. बॅनर बराबर दिसून न्हाई राह्यला. पोरींनाबी उतरवा, शिडापाशी साहेब उभे राहणारेत."

"भाऊ, वल्ह्यांशिवाय ते गलबत कसलं?"

"लोकांना काय कळतं? शीड दिसलं की झालं जहाज."

मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते मोबाईलमध्ये डोकं घालून उभे. तोवर दोन कार्यकर्ते वल्ही उपटायला लागले, एक फळी मोडली. नववीतल्या त्या मुलीनं आपलं वल्हं छातीशी धरलं.

"सोड गं," कार्यकर्ता म्हणाला.

"न्हाई सोडत. बॅनर दुसऱ्या ट्रॅक्टरला लावा."

मी म्हटलं, "पोरींनो, वल्ही घेऊन खाली या." आणि ट्रॉलीच्या पुढे, भर रस्त्यात, त्यांच्या दोन रांगा लावल्या. मी हाक द्यायची, त्या हवेत वल्ही मारायच्या. बसस्टँडपर्यंत अशाच गेलो. अध्यक्ष दोनदा ओरडून गेले. कुणी रांग सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला साहेबांचा. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "समितीची माफी मागून टाका, विषय मिटेल."

"फळी कुणी मोडली?" मी विचारलं.

मी माफी मागितली नाही. पुढच्या वर्षी देखावा दुसऱ्या शाळेला गेला. जाऊ दे. पण त्या माणसांना लाज वाटली नाही, याचा संताप अजून गेलेला नाही.