झाकणाचा आवाज

कोबेत आमच्या इमारतीखाली कचऱ्याचा लोखंडी पिंजरा आहे. पत्र्याचे रिकामे डबे टाकायच्या दिवशी तिथे एक जपानी आजोबा हमखास भेटत. प्रत्येक रिकाम्या डब्याच्या बुडावरून अंगठा फिरवत, मगच आत ठेवत. पिंजऱ्याचं जड झाकण दोन्ही हातांनी अलगद खाली आणत. मला वाटे, शेजाऱ्यांची झोप जपतात.

एकदा मी अंगठ्याचं विचारलंच.

"जुनी सवय," ते म्हणाले. "रानडुकरांच्या शिकारीला जायचो, काडतुसं घरी भरायचो. बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, प्राइमर. ती वर आलेली नको, म्हणून अंगठा. पण सेमी-ऑटोमॅटिक रायफलला टोपी कडकच लागते. मऊ असली, तर काडतूस आत ढकलून मागची झडप आपटते, त्या धक्क्यानेच बार उडू शकतो. एका वर्षी कडक मिळाल्या नाहीत, मी मऊ घेतल्या. अंगठ्याला सगळं ठीक लागलं. त्याला कडक-मऊ कुठे कळतं?"

त्यांनी हातातला डबा आत ठेवला. "चापाला मी बोटही लावलं नव्हतं. पुढे माझी कुत्री होती. वळून माझ्याकडेच बघत होती."

मी पिशवी आत ठेवली आणि नेहमीसारखं झाकण सोडून दिलं. आजोबांनी ते मध्येच झेललं. झाकण बंद झाल्यावरही त्यांनी हात काढले नाहीत.