मिरचीच्या ढिगापाशी दिलेली साक्ष

मी देवाच्या घरात खोटं बोललो, आणि इतकं झकास बोललो की पुढच्या तीन रांगा रडल्या. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गोष्ट रंगत गेली की वाचणारा माझी बाजू घेऊ लागतो. लोकांना माझ्या बाजूने ओढून घ्यायची मला फार जुनी खोड आहे, आणि या वेळी ती एका बाईच्या जिवावर बेतता बेतता राहिली.

गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात मी सव्वीस वर्षं साड्या दाखवतो आहे. पदर हवेत कसा सोडायचा, किंमत कोणत्या श्वासाला सांगायची, हे मला कोणी शिकवलं नाही. आमच्या चर्चच्या नाताळच्या नाटकात दुष्ट राजाचं काम दुसऱ्या कोणाला मिळत नाही, आणि मयताला गेलो तरी दोन माणसं मला झाडाखाली नेऊन एखादा किस्सा ऐकतात. थोडक्यात, प्रभूने मला जे काही दिलं ते गळ्यातच दिलं. तो गळा गेल्या वर्षी बसला. तीन महिने घोगरेपणा हटेना, तेव्हा डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, स्वरतंतूवर गाठ आहे, काढू आणि तपासायला पाठवू. पुढच्या गुरुवारची तारीख दिली. यातलं ‘तपासायला पाठवू’ मी बायकोपासून लपवलं. रोज सकाळी न्हाणीघरात नळ सोडून मी हळूच ‘प्रभू’ म्हणून पाहायचो. आवाज फाटका निघाला की नळ आणखी मोठा सोडायचो.

आमच्या घरात तारणाबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही रविवारी जेवायला येतात. एक माझा शाळेपासूनचा मित्र सुहास. तो शहराच्या टोकाला, बेसाला, एका भाड्याच्या हॉलमध्ये पेंटेकोस्टल मंडळी चालवतो, सगळे त्याला पास्टर म्हणतात. त्याच्या मते माणूस देवापुढे एकटा उभा राहतो, पाप कबूल करतो, नव्याने जन्मतो, पवित्र आत्म्याने भरून जातो. वधस्तंभावर आत्म्याचं तारण झालं तसंच शरीराचं बरं होणंही झालं, आपण हात पुढे करून घ्यायचं. दुसरी माझी थोरली बहीण, शालूताई. ती धर्मशास्त्र शिकली, पण व्यासपीठावर रमली नाही. कळमन्याच्या बाजाराकडे मिरचीचे देठ तोडणाऱ्या बायांमध्ये ती वीस वर्षं काम करते. ती म्हणते, देवाने मिसरच्या राजाच्या गुलामीतून एकेक माणूस निवडून काढला नाही, विटा पाडणारी सगळी वस्तीच बाहेर काढली. बाई भीतीने आजार लपवत असेल, खाडा केला तर ढिगावरची जागा जाईल म्हणून तापात कामाला येत असेल, तर ती भीती हीच तिची गुलामी. तिच्यातून सुटका होणं हेही तारणच.

“पोट भरलं अन् आत्मा हरवला तं काय फायदा, ताई?” सुहास भात कालवत म्हणायचा.

“अन् आत्मा वाचला, पण बाई मेली, तं तुह्या हॉलमध्ये हालेलुया कोण म्हणन?”

मी दोघांना वाढायचो आणि मजा बघायचो. गाठीची गोष्ट निघाल्यावर मात्र मजा संपली. सुहासने माझ्या गळ्यावर हात ठेवून डोळे मिटले. ताईने डॉक्टरची चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, “गुरुवारी सोबत कोण येऊन राहिलं?” मला त्या वेळी सुहासचा हात जास्त आवडला, कारण हाताला तारीख नसते.

त्याच संध्याकाळी मी बेसाच्या सभेला गेलो. या मंडळींची एक रीत आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना झाली त्याने, अजून काही दिसत नसलं तरी, विश्वासाने उभं राहून साक्ष द्यायची. सुहासने मला आधी समजावलं होतं, एवढंच म्हण, की प्रभू मला बरं करतो असा माझा विश्वास आहे. प्रार्थना झाली. सगळा हॉल आत्म्याने भरून, कोणाला न कळणाऱ्या भाषांत गुणगुणत होता आणि माझ्या अंगावर खरोखर काटा आला होता, ते खोटं नव्हतं. मग माझ्या हातात माईक आला, समोर दोनशे माणसं, आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, काल डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. म्हणालो, ते शोधत राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम दाखवला, चष्मा काढून पुसणं दाखवलं, नर्सला हाक मारणं दाखवलं. मग हळूच, फाटक्या आवाजात, “गाठ नव्हती.” हॉल उसळला. सुहास माझ्याकडे बघत होता. त्याचे हात वर होते, पण तोंड उघडं राहिलं होतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रस्त्यात लोक हात धरून ‘प्रभूची स्तुती’ म्हणायचे आणि माझ्या गळ्याकडे बघायचे. गाठ गेलेल्या माणसाने ऑपरेशनला कसं जायचं? गुरुवारी मी दवाखान्यात गेलोच नाही. दुकानात उभा राहून घड्याळ बघत राहिलो.

दुपारी शालूताई दुकानात आली. गिऱ्हाइकासमोरच बसली आणि साडी बाजूला सारून म्हणाली, “इंदूबाई सोमवारी भरती होणार नाही म्हणते.”

इंदूबाई तिच्या मिरचीवाल्या बायांपैकी. छातीत गाठ. ताईने चार महिने समजावून तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं, तपासण्या केल्या होत्या, ऑपरेशनची तारीख मिळवली होती. पण शेजारणीबरोबर ती रविवारी बेसाला गेली होती.

“म्हणते, तिथं एका भाऊची गाठ गेली, माहीबी जाईन. डॉक्टर घाम पुसत होता म्हणे.” ताईने माझ्याकडे बघितलं. “असे हातवारे करून सांगणारा या गावात एकच माणूस हाये. काहून केलं गा असं?”

मी समोरच्या साडीची घडी घालायला घेतली. संध्याकाळी सुहासला गाठलं. “मी तं ‘विश्वास हाये’ एवढंच म्हण म्हटलं होतं, तू डॉक्टर कुठून आणला?” असं म्हणून तो खालीच बसला. त्याने कोणाला कधी औषध सोडायला सांगितलं नव्हतं. पण माईक त्याचा होता आणि ते त्याला कळत होतं.

शुक्रवारी मी कळमन्याजवळच्या त्या शेडवर गेलो. वाटेत भाषण तयार केलं होतं. सुरुवात नम्र, मध्ये थोडे अश्रू, शेवटी तिचा हात हातात. आत पाऊल टाकलं आणि मिरचीचा खकाणा नाकातोंडात शिरला. चाळीस-पन्नास बाया लाल ढिगांभोवती बसून देठ तोडत होत्या, त्यांना सवय होती. मला ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून धारा, नाकातून पाणी, आणि गळ्यातून आवाजाच्या नावाने नुसती हवा. एक सावळी, बारीक बाई उठली, पदराने हात पुसून मला पाणी दिलं. तीच इंदूबाई.

तिने मला ओळखलं. मी पाणी पीत होतो आणि ती माझा गळा ऐकत होती. “तुमची गाठ तं गेली ना भाऊ? मंग आवाज असा काहून?”

तयार केलेलं सगळं भाषण मला पाठ होतं, पण एक अक्षर बाहेर येत नव्हतं. मी मान हलवली. नाही म्हणून. परत हलवली. मिरचीने डोळे वाहत होते, त्यात माझेही अश्रू होते, पण कोणते मिरचीचे, कोणते माझे हे दाखवायची सोय नव्हती. आजूबाजूचे हात थांबले. त्या बाईचा चेहरा हळूहळू मिटत गेला. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“मी पाच दिवस झोपली ना भाऊ,” ती म्हणाली. “चार महिन्यात नाई झोपली अशी.”

मग ती ढिगाकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, “तुमी आधी तुमची काढून या. मंग मी पाहीन.”

तिच्या शेजारची बाई तिला म्हणाली, “जाय वं तू. तुह्या वाटची मिरची आमी तोडतो, जागा कोण घेते पाहू.” इंदूबाईने पुढची मिरची उचलली.

तिथून थेट घरी जाऊन मी लपवलेलं सगळं बायकोला कागदावर लिहून दाखवलं आणि तिच्याकडून डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करवला. माझी वेळ चुकली होती, पुढची पंधरा दिवसांनी, असं तिथली मुलगी म्हणाली. मग म्हणाली, थांबा. उद्या सकाळचा एक पेशंट येणार नाही असं आत्ताच कळलं आहे. मी यावर काही म्हणत नाही. शनिवारी माझी गाठ निघाली, तपासायला गेली, आणि डॉक्टरांनी ताकीद दिली, आठ दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

रविवारी मी बेसाला एक कागद घेऊन गेलो. तो सुहासने माईकवर वाचला, “मी खोटं बोललो” पासून शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर म्हणाला, साक्ष मागायची घाई माझी होती, मलाही क्षमा करा. काही माणसं उठून गेली. सुहासने त्यांना थांबवलं नाही.

सोमवारी मी सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी सकाळी आठपासून उभा होतो. दहा वाजले, अकरा वाजले. प्रत्येक ऑटोतून ती उतरेल असं वाटायचं आणि दुसरंच कोणी उतरायचं. मला कोणाला विचारता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, देवाशीसुद्धा नेहमीसारखी घासाघीस करता येत नव्हती. साडेअकराला ती ताईबरोबर चालत आली. माझ्याजवळ थांबली. “काढली?” मी मान हलवली. “दुखते?” पुन्हा मान हलवली. ती आत गेली.

मंगळवारी सकाळी तिला ऑपरेशनला नेताना सुहास स्ट्रेचरच्या एका बाजूला होता, ताई दुसऱ्या. दोघांनी एकदमच प्रार्थना सुरू केली, एकमेकांसाठी थांबले, पुन्हा एकदमच सुरू केली. इंदूबाई म्हणाली, “पास्टर, तुमी थांबा जरा. ताई, तुमीबी. या भाऊले करू द्या. याले बोलता येत नाई.”

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. आयुष्यभर मी देवासमोरसुद्धा चांगला दिसेन असे शब्द निवडत आलो, आणि आता निवडायला काहीच नव्हतं. माझा रिपोर्ट यायचा होता, तिचं दार उघडायचं होतं. मनात इतकंच आलं, हिला तुझ्या हातात घे, आणि जागा उरली तर मलाही. दार बंद झालं.

माझी गाठ साधी निघाली. तिची वाईट होती, पण वेळेत निघाली, उपचार अजून सुरू आहेत. असं का, तसं का नाही, हे मी सुहासला विचारलं आणि ताईलाही विचारलं. तारणावर आजही भांडणारे हे दोघे या एका प्रश्नाला सारखेच गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यावर मी जितका विश्वास ठेवतो तितका कोणाच्या प्रवचनावर ठेवत नाही. सोपवणं म्हणजे काय ते मी तिथे शिकलो. उत्तर मिळेल म्हणून सोपवत नाहीत. हात भरलेले असतात, पुढे काही धरता येत नाही, म्हणून सोपवतात.

गेल्या महिन्यात इंदूबाई बेसाच्या हॉलमध्ये साक्ष द्यायला उभी राहिली. डोक्याला रुमाल बांधलेला. सोबत मिरचीवाल्या सहा बाया आणि शालूताई. माईक तिने दोन्ही हातांनी धरला.

“ऑपरेशन झालं. अजून दुखते. देव हाये.”

आणि ती बसली. मी मागच्या रांगेत होतो. माझा आवाज आता बराच परत आला आहे. त्या तीन वाक्यांत काही भर घालावी असं मला वाटलं नाही, आणि एवढ्यासाठीच मी प्रभूचे उपकार मानतो.