शेवटच्या कडव्यातलं नाव

मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नच्या कम्युनिटी हॉलमध्ये भीमजयंतीला कोणी गायला उभं राहिलं की लोकांचा एक डोळा गाणाऱ्यावर आणि एक शैलेंद्र शेजवळांच्या खिशावर असायचा. शैलेंद्र उठणार का? बाकीचे काका-मावश्या काय, पोर गोड दिसलं की नोट काढून मोकळे, सूर गेला चुलीत! शैलेंद्र मात्र हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकायचे, टाळ्या वाजवायचे आणि जागेवरून हलायचे नाहीत.

मनमाडला असताना ते रेल्वेच्या वर्कशॉपात डिझेल मेकॅनिक होते, आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतं गाणाऱ्या एका उस्तादांच्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. पार्टीत एक रीत. गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, म्हणजे गाणं कुणाचं ते चार लोकांना कळतं. नाव आलं की ऐकणारा उठतो, चालत स्टेजपर्यंत जातो आणि नोट देतो. मग गाणारा थांबतो, देणाऱ्याचं नाव-गाव माइकवर पुकारतो आणि तेच कडवं पुन्हा म्हणतो. उस्तादांचा वर आणखी एक नियम होता: दुसऱ्याचं गाणं गाणाऱ्याला टाळी द्या, स्वतःचं बांधून त्यात नाव घालणाऱ्यालाच नोट द्या. शैलेंद्र ऑस्ट्रेलियात आले, मेकॅनिकचे ट्रकड्रायव्हर झाले, मेलबर्न-सिडनी माल नेऊ लागले, पण हा नियम काही त्यांनी सोडला नाही.

त्यांची मुलगी यामिनी नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा त्या हॉलमध्ये गायली. काय गायली पोरगी! बायका डोळे पुसत होत्या. नोटांनी तिची मूठ भरली, आणि ती मात्र तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसलेल्या बापाकडे बघत होती. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "पप्पा, व्हाय डिडन्ट यू कम?"

"छान गायलीस. पण गाणं तुझं नव्हतं ना, यामू."

"अहो, लहान आहे ती!" शोभाताई, म्हणजे तिची आई, पुढच्या सीटवरून कडाडल्या. "एक नोट दिली असती तर काय उस्ताद स्वप्नात येऊन ओरडणार होते?"

शैलेंद्र म्हणाले, "आले असते." ते चेष्टा करत नव्हते.

त्या दिवसापासून यामिनीच्या मनात एकच गोष्ट बसली. पप्पांना उठवायचं. पुढे बक्षिसं आली, पोस्टरं लागली, पण मनातली ही जागा कुणी भरली नाही.

आता मराठी मुलगी कंट्री म्युझिककडे कशी वळली, हे कोडं लोकांना अजून सुटत नाही. त्यात कोडं कसलं? शाळेच्या सुट्टीत बाप तिला ट्रकमध्ये शेजारी बसवून न्यायचा. सिडनीकडे जाणाऱ्या ह्यूम हायवेवर शहर मागे पडलं की रेडिओवर कंट्रीशिवाय दुसरं काही धड लागायचं नाही. आणि त्या गाण्यांत असतं काय? ट्रक, बाप, धूळ, आणि मागे राहिलेलं गाव. हे सगळं तर तिच्या समोर डबा उघडून बसलेलं असायचं. पंधराव्या वर्षी तिने ऑप शॉपमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून, जुनी गिटार आणली आणि घरात खडखडाट सुरू केला.

युनिव्हर्सिटीत नर्सिंग करता करता ती पबमध्ये गायची. हॉलमधल्या मंडळींना विषय मिळाला. शेजवळांची पोरगी हॅट घालून गोऱ्यांची गाणी गाते म्हणे! जानेवारीत टॅमवर्थला कंट्रीचा मोठा मेळा भरतो, तिथे शैलेंद्र स्वतः तिला गाडीने घेऊन गेले. भर उन्हात ती फुटपाथवर गायली, आणि ते बाजूला पाण्याची बाटली धरून उभे. एक म्हातारा बॅंजो वाजवत होता, तो त्यांनी वाकून वाकून पाहिला. "हा कसला बेंजो? आपल्याला कशी टाइपरायटरसारखी बटणं असतात!" म्हाताऱ्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो म्हणाला, "टू राइट, मेट," म्हणजे अगदी बरोबर!

यामिनीचं प्रत्येक नवं गाणं बाप शेवटपर्यंत ऐकायचा आणि विचारायचा, "नाव कुठंय?"

"पप्पा, कंट्रीत असं नसतं."

"बरं," ते म्हणायचे, आणि चहाचा कप उचलायचे. त्या 'बरं'ने तिचा जळफळाट व्हायचा.

टॅमवर्थलाच तिला डेब्रा नावाची मॅनेजर भेटली. बाई कामाची पक्की, पण 'शेजवळ' काही तिच्या जिभेवर बसेना. यामिनी शेजवळची 'मिनी शे' झाली. शोभाताईंनी दोन दिवस अबोला धरला. शैलेंद्र म्हणाले, "पोस्टरवर काय लिहायचं ते लिहू दे गं. कडव्यात काय येतं ते बघायचं."

आणि मग तिने ते गाणं लिहिलं. इंग्रजीत, बापाच्या ट्रकवर. सीटवरचा डबा, आरशाला टांगलेला निळा रुमाल, घरी फोन लावावा तर नेमकी रेंज जाते तो पट्टा, सगळं त्यात आलं. लहानपणी तिने भांडणात ऐकलेलं होतं, 'रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?' ते तिने उचललं आणि शेवटच्या कडव्यात, इंग्रजी ओळी संपल्यावर, सरळ मराठीत घातलं:

सांगे शेजवळांची यामिनी,
हा रस्ता माझ्या बापाचा!

घरी कुणालाच तिने ते ऐकवलं नाही, फक्त आईला. शोभाताईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आता बघू कसे बसून राहतात!"

पण स्टुडिओत गाणं गेलं ते वेगळंच होऊन बाहेर आलं. खाली ड्रम्स, वर पॉपचा झगमगाट, आणि डेब्रा म्हणाली, "लव्ह, रेडिओवर तीन मिनिटं मिळतात. शेवटचं कडवं जातंय. तसंही कोणाला कळणार नाही."

यामिनीला भांडता आलं असतं. तिने ट्रकचे हप्ते फेडणारा बाप डोळ्यांसमोर आणला, आपलं वय आणलं, दाराशी आलेली संधी आणली, आणि म्हणाली, "नो वरीज." आयुष्यात इतकं खोटं ती कधी बोलली नसेल.

गाणं तुफान चाललं. पेट्रोल पंपावर वाजलं, सुपरमार्केटात वाजलं, लग्नात गोरे लोक त्यावर नाचले. कंट्रीवाले म्हणाले पोरगी पॉपवाल्यांना विकली गेली, पॉपवाले म्हणाले हिची हॅट काही जात नाही, आणि आपली माणसं म्हणाली, ह्यात आपलं काय? धड ना इकडची ना तिकडची! पण हे सगळं तिने हसून घेतलं. तिच्या मनाला लागला तो एकच फोन. रेडिओवर गाणं पहिल्यांदा लागलं तेव्हा शैलेंद्रनी ट्रक रेस्ट एरियात बाजूला घेतला, पूर्ण ऐकलं, आणि फोन केला.

"छान आहे गं. माझा निळा रुमाल पण घातलास." मग म्हणाले, "संपलं का एवढ्यात?"

"हो पप्पा," ती म्हणाली. कडवं होतं आणि आपणच ते कापू दिलं, हे तिच्या तोंडून निघालं नाही. फोन ठेवून ती बाथरूममध्ये जाऊन रडली.

पुढे तीन वर्षं ती ते गाणं तसंच गात राहिली, गावोगावी, शेपटी तुटलेल्या पतंगासारखं. बापाची शिफ्ट आणि तिचे कार्यक्रम कधी जुळले नाहीत. मग यंदा शैलेंद्रनी ट्रक सोडला, आणि मेलबर्नच्या एका थिएटरात रविवारी दुपारचा तिचा शो लागला. शोभाताईंनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. पप्पा येणार होते.

सकाळी यामिनीने साउंडवाल्याला सांगितलं, शेवटचं कडवं घेणार आहे. त्याने डोक्याला हात लावला. गाण्याचे ड्रम्स, कोरस, सगळं कॉम्प्युटरवरून वाजायचं. ते तीन मिनिटांनी संपणार आणि दिवे आपोआप विझणार. "सगळं थांबेल. तू एकटी पडशील."

"पडू दे," ती म्हणाली.

शेवटचं गाणं आलं. हॉल उभा राहून नाचत होता. तीन मिनिटं झाली, ड्रम्स थांबले, दिवे विझले, टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक जॅकेटं उचलायला लागले. आणि अंधारात नुसती गिटार वाजली. लोक थबकले, पुन्हा खाली बसले. कोणीतरी घाईघाईने एक दिवा लावला. यामिनीचा आवाज कापत होता, पहिल्या ओळीत तर सूर चक्क घसरला. पण ती म्हणत गेली, आणि शेवटी मराठी आलं. सांगे शेजवळांची यामिनी. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते कळणारी माणसं असून असून किती असणार?

सहाव्या रांगेत एक माणूस उठला. इस्त्रीच्या शर्टाचा खिसा चाचपत तो लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर आला आणि सरळ स्टेजकडे चालू लागला. सिक्युरिटीचा धिप्पाड पोरगा धावला. त्याने कोपर धरलं. "सर! सर, यू कान्ट गो अप देअर." शैलेंद्रनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात वर करून ते पाचाची नोट धरून उभे राहिले, मनमाडच्या मंडपात उभे राहायचे तसे.

यामिनीने गिटार थांबवली. ती स्टेजच्या कडेला आली, गुडघ्यांवर बसली आणि वाकून नोट घेतली. मग माइक तोंडाशी धरला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी आवाज मात्र लख्ख निघाला, रीतीप्रमाणे:

"शैलेंद्र शेजवळ, मुक्काम क्रेगीबर्न, यांच्याकडून गायिकेला पाच डॉलर! जयभीम!"

हॉलला काही कळलं नाही, तरी हॉल गरजला. वरच्या बाल्कनीतून दोन-चार आवाज आले, "जयभीम!"

नोट घेतली की कडवं पुन्हा म्हणायचं असतं. ती उभी राहिली आणि तिने ते पुन्हा सुरू केलं, ह्या वेळी पक्क्या सुरात. आणि खाली शैलेंद्रनी सिक्युरिटीवाल्याच्या हातातून कोपर सोडवून घेतलं, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि टाळीचा ठेका धरला.