दार नसलेलं घर आणि दादा

मंडळी, दुपारी मी चहा ठेवेपर्यंत दादा, म्हणजे माझे वडील, घरातून निघून गेले.

अपघातात डोक्याला मार लागल्यापासून त्यांच्यासाठी बहात्तरचा दुष्काळच चालू आहे. तेव्हा ते दुष्काळी कामावर खडी फोडायचे.

सापडले हायवेच्या कडेला, दगडावर दगड आपटताना. शेजारून ट्रक सुसाट चाललेले.

मला बघून म्हणाले, "मुकादम, जाऊ का घरी? पोरगी उपाशी हाय."

ती पोरगी मीच.

दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी बजावलंय, त्यांना खोटं पाडू नका. म्हणून म्हटलं, "काम संपलं, चला."

लगेच उठले. "उद्या लवकर येतो."

आम्ही शिंगणापूरचे. गावच्या रीतीप्रमाणे आमच्या घराला दारच नाही. सांगा, आज डोळा कसा लागायचा?