शकूताईंचा आइन्स्टाइन

गिरगावात कृष्णाबाईच्या वाडीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी सात वाजता सुविचार लिहिला जातो आणि तो शकूताई त्रिलोकेकर लिहितात. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. प्राध्यापक आले नि गेले, पण कुठली वस्तू कुठल्या कपाटात, हे विचारायला सगळे त्यांच्याकडेच येत. निवृत्तीनंतर वाडीने फळा त्यांच्या हवाली केला, त्यालाही चौदा वर्षं झाली. आजही त्या स्टुलावर चढतात, आणि कोणी “सांभाळून हं” म्हटलं तर त्यालाच स्टूल धरायला लावतात.

फळ्याचा एक नियम होता. सुविचाराखाली मोठ्या माणसाचं नाव हवं. नाव नसलेलं वाक्य म्हणजे लिहिणाऱ्याचा आगाऊपणा, अशी वाडीची पक्की समजूत. शकूताईंचा लाडका मोठा माणूस आइन्स्टाइन. सोळाव्या वर्षी ह्या पोराने जर्मनीचं नागरिकत्व सोडलं, का तर तिथला लष्करी खाक्या त्याला सोसेना, हे वाचल्यापासून त्या त्याच्या प्रेमातच पडल्या होत्या. कोणीतरी अधिकाराने सांगतो म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची, ह्याची त्याला मनस्वी चीड. माणसांना बक्षीस आणि शिक्षा वाटत बसणारा देव त्याने मानला नाही; पण विश्वाच्या रचनेपुढे तो थक्क होऊन उभा राहिला आणि त्या थक्क होण्यालाच आपला धर्म म्हणाला.

हे सगळं शकूताईंनी फळ्यावर लिहिलं. पण आइन्स्टाइन झाला तरी बिचारा रोज किती पुरणार? ज्या दिवशी त्याचं काही सापडेना, त्या दिवशी शकूताई स्वतःचंच एखादं वाक्य लिहीत आणि खाली त्याचं नाव ठोकून देत. ह्याचं त्यांना वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर मुळीच नाही. ऑफिसला निघालेली माणसं थांबून, मान डोलावून पुढे जात, तेव्हा वरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या शकूताई मनातल्या मनात भाव खात.

यंदा गणपतीची मीटिंग भरली आणि हे सगळं अंगाशी आलं. वाडीत प्रथा अशी की प्राणप्रतिष्ठेच्या पूजेला मंडळाचा सेक्रेटरी बसतो. ह्या वर्षीचा सेक्रेटरी नील, फळ्यावरचा आइन्स्टाइन वाचतच मोठा झालेला. मंडपापासून मिरवणुकीपर्यंत सगळं अंगावर घेणारा मुलगा, पण पूजेला बसणार नाही म्हणाला.

“काका, बांबू मी बांधतो, विसर्जनाला पाण्यात मी उतरतो. पण माझा विश्वास नाही ना. तिकडे बसून हात जोडले तर ते खोटं होईल यार.”

“मग सेक्रेटरीपद सोड,” रमाकांत विजयकर म्हणाले. मंत्रालयातून निवृत्त झालेले रमाकांत बोलताना अजूनही समोर फाईल असल्यासारखे बोलतात. त्यांनी मोबाईल काढला. “तुझा तो आइन्स्टाइन काय म्हणतो बघ. फळ्याचा फोटो जपून ठेवलाय मी. ‘चार माणसांबरोबर हात जोडले तर बुद्धीला कमीपणा येत नाही.’ तू त्याच्यापेक्षा मोठा झालास का रे?”

नीलने मोबाईल हातात घेतला. फोटो त्याने दोनदा वाचला. “हे त्याने म्हटलंय?” एवढंच तो हळूच म्हणाला, आणि त्याचे खांदे पडले.

शकूताईंनी ते लगेच ओळखलं. वाक्य त्यांचं होतं. शेजारच्या आरतीला सहज उभ्या राहिल्या, बरं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी लिहिलं. त्यांच्यापुरतं ते खरंही होतं. आता त्याच वाक्याने एका सरळ मुलाचं डोकं खाली दाबलं जात होतं, आणि तेही कोणाच्या नावाने, तर जन्मभर कोणापुढे नाहक मान न तुकवणाऱ्या माणसाच्या! बोललं तर फळा जाणार, चौदा वर्षांची पत जाणार. पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या उठल्या.

“रमाकांत, ते आइन्स्टाइनचं नाही. माझं आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी रचलं आणि खाली त्याचं नाव घातलं. आणखीही पुष्कळ आहेत तशी. चूक माझी.”

“चौदा वर्षं आम्हाला फसवलंत?” रमाकांतांचा आवाज चढला. त्यांच्या पत्नी सुचित्रा मध्येच म्हणाल्या, “आणि ‘प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करतो तो स्वतः घाबरलेला असतो’, ते हो?”

“तेही माझंच.”

“अगं बाई! मी फ्रिजवर चिकटवलंय!”

हसू फुटलं, रमाकांत मात्र हसले नाहीत. नीलने विचारलं, “शकूताई, मग खरा आइन्स्टाइन काय म्हणाला असता?”

“मला काय ठाऊक? आणि काहीही म्हणाला असता तरी पूजेला तुला बसायचंय, त्याला नाही. तुझं तू ठरव.”

“मग नाही बसणार,” नील म्हणाला. ह्या वेळी त्याने कोणाकडे बघितलं नाही.

हात वर झाले. नील सेक्रेटरी राहिला, आणि पूजेला रमाकांत नि सुचित्रा बसतील असं ठरलं. फळ्याचं काय, ह्यावर कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता शकूताई स्टुलावर चढल्या. लिहिलं: ‘पूजेला न बसणारा माणूसही देवाचं काम करू शकतो.’ खाली ह्या वेळी स्वतःचं नाव घातलं. शकुंतला त्रिलोकेकर.

साडेआठला दारावरची बेल वाजली. बाहेर रमाकांत उभे. तीन जिने चढून आलेले, हातात दुधाची पिशवी, कपाळाला आठ्या.

“आजचं मला अजिबात पटलेलं नाही,” ते म्हणाले. “बांबू बांधले म्हणजे देवाचं काम झालं?”

चौदा वर्षांत त्या फळ्याशी कोणी भांडलं नव्हतं. एवढ्या मोठ्या नावाशी कोण भांडणार? आज पहिल्यांदाच कोणी शकूताईंच्या वाक्याशी भांडायला आलं होतं. त्यांनी दार सताड उघडलं.

“या, बसा. चहा टाकते. आणि का नाही पटलं ते नीट सांगा.”