सिद्रामच्या जबाबातला एक शब्द

"गुन्हा कबूल आहे?" जज्जसाहेबांनी इंग्रजीत विचारलं. मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे वळून तेच कानडीत विचारलं. कानडीत गुन्ह्याला मी 'तप्पु' म्हणालो. मला तोच शब्द येत होता.

आरोपीचं नाव सिद्राम. होटगीच्या पलीकडच्या एका वाडीतला शेतकरी, वय चाळिशीच्या आतबाहेर. आरोप बायकोच्या खुनाचा. गंगव्वाला त्याने विहिरीत ढकलून मारलं, अशी तिच्या सख्ख्या भावाची फिर्याद होती.

सिद्रामने मान वर केली नाही. "तप्पु नंदे," एवढंच म्हणाला.

"गुन्हा माझाच," मी भाषांतर केलं.

जज्जसाहेबांनी टाक खाली ठेवला आणि क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "खटला चालेल. पुरावा घेऊ." ज्या गुन्ह्याला फाशी आहे, त्यात आरोपी 'कबूल' म्हणाला तरी कोर्ट सहसा तेवढ्यावर शिक्षा देत नाही. आपण काय कबूल करतोय हे त्याला समजलंय का, याची खात्री नसते. ही रीत शहाणी आहे. किती शहाणी, ते मला त्याच दुपारी कळलं.

ही सन एकोणीसशे तीसच्या आधीची गोष्ट. सोलापूरच्या सेशन्स कोर्टात मी बदली दुभाषी होतो. कायमचे दुभाषी आजारी पडून रजेवर गेले होते. माझं कानडी वडिलांच्या भुसार दुकानात शिकलेलं. ज्वारी, तूर, भाव, माप, "उद्या या", "नंतर बघू" एवढ्यात सगळं आलं. तोंडी परीक्षेत मी पास झालो, कारण परीक्षकांनी नेमकं बाजाराचंच विचारलं.

आता खटल्याचं सांगतो. विहिरीवर त्या वेळी दोघांशिवाय कोणी नव्हतं. आदल्या संध्याकाळी नवराबायकोचं जोरात भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. सिद्रामच्या दोन्ही तळहातांची साल निघाली होती, तशी डॉक्टरांची नोंद होती. पोलिसांचं म्हणणं, ते झटापटीत झालं. पण एवढ्यावर कोणी फासावर जात नाही. खटला उभा होता तो कबुलीजबाबावर.

इथे एक गोष्ट वाचकांनी समजून घ्यावी. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. धाक, मारहाण या गोष्टी कायद्याला ठाऊक आहेत. कबुली मॅजिस्ट्रेटपुढे द्यावी लागते. 'बोललंच पाहिजे असं तुझ्यावर बंधन नाही, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल,' हे मॅजिस्ट्रेट आधी सांगतात. मग जबाब लिहून घेतात, आरोपीला वाचून दाखवतात, सही करतात. त्या सहीला वजन असतं. तो कागद कोर्ट खरा धरून चालतं. तो खरा ठरवायला वेगळा साक्षीदार लागत नाही.

सिद्रामचा जबाब असाच मॅजिस्ट्रेटपुढे झाला होता. 'माझ्या हातून अपराध घडला. ती विहिरीत पडली. अपराध माझाच आहे.' तीन वाक्यं. कागद मराठीत, कारण मॅजिस्ट्रेटसाहेबांना कानडी येत नव्हतं. आणि तिथे दुभाषी म्हणून उभा होतो तो मीच. पाच महिन्यांपूर्वी.

दुपारच्या सुट्टीत मी व्हरांड्यात आलो. खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. सिद्रामची आई, नीलव्वा. तुकाराम पट्टेवाला तिला पाणी देत होता. "साहेब, म्हातारी लई दमलीया," तो मला म्हणाला. "सकाळपासनं पोटात काय न्हाय."

नीलव्वाने तांब्या घेतला. तांब्या सुटला आणि फरशीवर आपटला. पाणी माझ्या पायांवर आलं.

"अय्यो! कै तप्पितु!" ती ओरडली.

मी जागच्या जागी उभा राहिलो. पाच महिन्यांपूर्वी सिद्राम मॅजिस्ट्रेटपुढे जे म्हणाला होता ते मला जसंच्या तसं आठवलं. "नन्न कै तप्पि बिद्दळु." त्यातला 'तप्पि' माझ्या कानाने 'तप्पु' ऐकला होता. कै म्हणजे हात. तप्पु म्हणजे चूक, दोष. हातून अपराध घडला. मी बिनधास्त सांगून मोकळा झालो होतो. जबाब त्याला वाचून दाखवतानाही 'तप्पु'च म्हणालो होतो.

मी म्हातारीजवळ बसलो. "नीलव्वा, आत्ता काय म्हणालात? कै तप्पितु म्हणजे काय?"

ती घाबरली. पाण्याबद्दल रागावतोय असं तिला वाटलं. "म्हंजे हातातनं निसटलं की, साहेब. म्या मुद्दाम न्हाय पाडलं."

"आणि तप्पु म्हणजे?"

"त्ये येगळं. ती चूक. ह्ये निसटनं."

'माझ्या हातून निसटून ती पडली,' असं तो माणूस म्हणाला होता. मी त्याला खुनी लिहून दिलं होतं.

मी सरळ शिरस्तेदारांकडे गेलो. शिरस्तेदार म्हणजे कोर्टाच्या कचेरीतला मुख्य कारकून, आमचा वरिष्ठ. बापूराव त्यांचं नाव. तीस वर्षं नोकरी झालेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"कागदावर मॅजिस्ट्रेटची सही आहे. तो चुकीचा म्हणणारा तू कोण?"

"भाषांतर माझं होतं, बापूराव."

"मग तर तोंड उघडूच नकोस. तू अजून कायम झालेला नाहीस. घरी कोण कोण आहे?"

"आई, बायको, दोन मुली."

"मग?"

मी एवढंच म्हणालो, "तो फाशी जाईल."

बापूरावांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "इंग्रजीत लिही. खाडाखोड नको. आणि तुझा तू नेऊन दे. माझ्यामार्फत नको."

मी अर्ज लिहिला. अक्षर वाकडं आलं. जज्जसाहेबांनी तो दोनदा वाचला. "याचा परिणाम काय होईल, समजतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी मला दुभाष्याच्या जागेवरून काढलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. कानडी शाळेतल्या एका वृद्ध मास्तरांना बोलावणं गेलं. खटला दुसऱ्या दिवशी पुढे चालला.

सरकारी वकील उलटतपासणीला उठले.

"जबाबाच्या वेळी तुम्ही शपथ घेतली होती?"

"घेतली होती."

"आजही घेतलीत?"

"होय."

"मग कोर्टाने कोणत्या शपथेवर विश्वास ठेवायचा?"

"शपथ दोन्ही वेळा खरी होती. माझं कानडी कमी होतं."

मागे कोणी तरी हसलं. जज्जसाहेब हसले नाहीत.

"आणि पाच महिन्यांत ते सुधारलं?"

"नाही. म्हणूनच मास्तरांना विचारावं, अशी विनंती आहे."

मास्तरांना खटल्याची काहीच माहिती नव्हती. मी अर्जात लिहिलेलं सिद्रामचं कानडी वाक्य जज्जसाहेबांनी त्यांना ऐकवलं आणि अर्थ विचारला. मास्तर म्हणाले, "माझ्या हातून निसटून ती पडली. ती म्हणजे कोणी बाई असावी." दुसरा अर्थ होऊ शकतो का? "कानडी येत असेल तर नाही."

मग मास्तरांमार्फत सिद्रामला सगळं पहिल्यापासून विचारलं. तो प्रथमच सलग बोलला. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. गाळातून वाटीने पाणी भरायला कोणीतरी खाली उतरायला हवं होतं. गंगव्वा अंगाने हलकी, म्हणून ती उतरायची. विहिरीवरची कप्पी, म्हणजे दोर फिरण्याचं चाक, मोडली होती. 'आधी कप्पी बसवून घ्या,' असं ती चार दिवस म्हणत होती. तो 'नंतर' म्हणत होता. आदल्या संध्याकाळचं भांडण त्यावरूनच झालं होतं. सकाळी त्याने तिला नुसत्या हातांनी वर ओढायला घेतलं. निम्म्यावर दोर हातांतून सरकला. त्याने तळहात सोलून निघेपर्यंत धरला. मग तो निसटला.

बोलून झाल्यावर तो म्हणाला, "तप्पु नंदे." या वेळी मास्तरांनी भाषांतर केलं, "दोष माझाच."

गंगव्वाचा भाऊ मागच्या बाकावर होता. त्याने डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि तोंड झाकून घेतलं.

जखमा दोराने घासूनच झाल्या असाव्यात, असं डॉक्टरांनी पुन्हा विचारल्यावर सांगितलं. त्या काळी सेशन्स खटल्यात जज्जाबरोबर असेसर बसत. हे गावातले चार प्रतिष्ठित लोक. ते आपलं मत देत, निकाल मात्र जज्जाचा. चौघांनीही 'निर्दोष' म्हटलं. जज्जसाहेबांनी निकालात लिहिलं, की कबुलीजबाब होईल तितका आरोपीच्याच भाषेत आणि त्याच्याच शब्दांत उतरवायचा असतो. इथे तसं झालं नाही, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. सिद्राम सुटला.

बाहेर मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती. ती कानडीत कशी मागायची ते येत नव्हतं, म्हणून मराठीत मागितली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मोडक्या मराठीत म्हणाला, "कोर्टानं सोडलं. मी मला कसा सोडू, साहेब?" नीलव्वाने त्याचा दंड धरला आणि दोघं स्टेशनच्या रस्त्याला लागली. मेव्हणा त्यांच्यामागे काही अंतर ठेवून चालत होता.

मला लेखी ठपका मिळाला. तो रास्तच होता. कायम व्हायला आणखी तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत मी दर रविवारी मास्तरांकडे कानडी शिकायला जात होतो. पहिल्या रविवारी त्यांनी मला बाराखडीपासून बसवलं.

आता लोक मला कायद्याचं विचारायला येतात. मी वकील नव्हे, तरी दोन गोष्टी सांगतो. आपला जबाब आपल्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय त्याखाली अंगठा देऊ नका. तसं मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि मागितल्याने कोणी रागावलं तर रागावू द्या. दुसरी गोष्ट नव्या दुभाष्यांसाठी. शब्द कळला नाही तर भर कोर्टात 'कळला नाही' म्हणावं. चारचौघांत मान खाली जाते, पण ती आपलीच; दुसऱ्याची मान फासात जात नाही.